अप्पांच्या छातीतलं लोखंड

लग्न होऊन सांगलीहून म्हैसूरला आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला गाव दाखवलं. म्हणजे राजवाडा, बागा वगैरे नाही. गेटं दाखवली. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी दोन तास हिंडले. ते मध्येच स्कूटर उभी करायचे, कुणाच्या तरी बंगल्याकडे बोट करायचे आणि म्हणायचे, “हे माझं.” मग पुढचं. “हे पण माझं. हे माझं नाही, बघ, बिजागरी कशी लोंबतेय.” एके ठिकाणी तर उतरून त्यांनी गेट दोनदा उघडलं, दोनदा लावलं आणि कान देऊन आवाज ऐकला. आतून कुत्रं भुंकायला लागलं तेव्हा आम्ही निघालो.

त्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. कापड रंगवायला आणि छापायला कधीकाळी इकडे आलेली माणसं. किती पिढ्यांपूर्वी, ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. रंगाचं काम अप्पांच्या वडिलांबरोबर संपलं. अप्पांनी विशीत वेल्डिंगचा होल्डर हातात धरला आणि मंडी मोहल्ल्यातल्या एका बोळात दुकान टाकलं. तीन बाजूंना भिंती, वर पत्रा, पुढे शटर. त्या एवढ्याशा जागेतून निम्म्या गावाची फाटकं, खिडक्यांचे गज आणि जिन्याचे कठडे बाहेर पडले.

घरात मराठी बोलतात, पण ती माझी मराठी नव्हे. पहिल्याच दिवशी मी भांडी घासायला उठले तर अप्पा म्हणाले, “तू सुम्ने बस.” सुम्ने म्हणजे नुसती, उगीच. काम करू नको, आरामात बस, असा त्यांचा प्रेमळ अर्थ. मला वाटलं, गप्प बसायला सांगतायत. मी तीन दिवस गप्प बसले. शेवटी सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, मुलगी बोलते ना रे?

मी हेब्बाळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. कंपनीची बस सव्वासातला येते, पण मला कधी गजर लावावा लागला नाही. बरोबर साडेपाचला अप्पा खोकायला सुरुवात करायचे. आधी दोन छोटे, मग एक लांबलचक, मग घसा खाकरणं, मग बाहेरच्या नळाचा आवाज. समोरच्या घरातल्या आजी त्या लांब खोकल्यावर दूध तापत ठेवायच्या. एकदा अप्पा दोन दिवस बंगळूरला गेले, तर गल्लीतल्या दोन घरांतल्या लोकांना उठायला उशीर झाला आणि आल्यावर त्यांनी अप्पांनाच बोल लावला.

“हा खोकला कशाचा?” मी सासूबाईंना विचारलं.

“कामाचा,” त्या म्हणाल्या. हाताला पडलेल्या घट्ट्यांबद्दल सांगावं तशा सुरात.

“पहिल्यापासून आहे?”

“आमच्या लग्नात नव्हता. मग आला.”

अप्पांना स्वतःला त्या खोकल्याचं काहीच वाटत नसे. त्यांना अभिमान होता तो वेगळाच: आयुष्यात कधी विडी ओढली नाही. कुणी पेटवली की ते उठून लांब बसायचे आणि त्या माणसाला फुफ्फुसांवर चार शब्द सुनवायचे. आणि कामाच्या धुरावर त्यांच्याकडे खात्रीचा इलाज होता. बन्नूरकडचा एक जुना गिऱ्हाईक दर हंगामात गुळाची ढेप आणून द्यायचा. रोज संध्याकाळी त्यातला लिंबाएवढा खडा अप्पा तोंडात टाकत. गुळानं धूर खाली उतरतो, असं त्यांचं म्हणणं.

“अप्पा, श्वासाची नळी वेगळी, अन्नाची वेगळी,” मी म्हटलं. मी विज्ञानाची पदवीधर.

“दोन्ही घशातच उघडतात ना?”

“हो, पण...”

“मत्ते?” म्हणजे मग काय तर. विषय संपला. गूळ चांगला होता, म्हणून मीही एक खडा घेतला.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्यांना एका मंगल कार्यालयाच्या कठड्यांचं मोठं काम मिळालं. जीआय पाइपचं, म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपचं. बाहेर पाऊस, म्हणून शटर अर्धं खाली ओढून सोमवारी दिवसभर आतच वेल्डिंग चाललं. संध्याकाळी घरी आले, चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“साखर किती घातलीस?”

“नेहमीएवढीच.”

“तोंड गोडसर लागतंय. हां, म्हणजे येणार.”

“काय येणार?”

“ताप,” ते म्हणाले आणि स्वतःच उठून दोन ब्लँकेटं काढून ठेवली.

तासाभरात त्यांना हुडहुडी भरली. दात वाजत होते, अंग तापलं होतं, छाती आवळल्यासारखी होत होती. मी डॉक्टरांकडे जायची घाई करत होते आणि ब्लँकेटाच्या आतून अप्पा मला धीर देत होते. “जस्ताचा ताप आहे कणम्मा. घाबरू नको. दूध दे एक ग्लास. सकाळी जातो.” कणम्मा म्हणजे अगं. आणि खरंच, सकाळी ताप गेला होता. साडेपाचला नेहमीचा खोकला, नळ, सगळं जागच्या जागी.

बसमध्ये मी फोनवर शोधाशोध केली. संध्याकाळी मोठा शोध लावल्याच्या थाटात सांगितलं, “अप्पा, हा ताप खरंच असतो. जस्ताच्या धुरानं येतो. आणि सुट्टीनंतर काम सुरू केलं की जास्त येतो.”

“म्हणून तर सोमवारी येतो. काल मी हेच सांगत होतो. तुझ्या फोनला कुणी सांगितलं?”

“त्यावर उपाय असा लिहिलाय की आधी जस्त घासून काढा आणि धूर नाकात जाऊ देऊ नका.”

“दूध नाही लिहिलं?”

“नाही.”

“मग अर्धवट आहे ते.”

मी हसले आणि विसरले. त्या हसण्याचं आता मला वाईट वाटतं. ताप सकाळी जात होता. पण त्याच्याबरोबर छातीत गेलेलं बाकीचं कुठे जातं, हा प्रश्न तेव्हा विचारता आला असता. मी तो विचारला नाही, कारण माणूस रोज उठून कामाला जात होता.

आमच्या घरी दर वर्षी आषाढात एका रविवारी चामुंडीची टेकडी पायऱ्यांनी चढायची पद्धत आहे. हजारावर पायऱ्या. पहिल्या वर्षी अप्पा माझ्या कितीतरी आधी वर पोचले आणि सांगलीच्या लोकांच्या गुडघ्यांवर काहीबाही बोलले. पुढल्या वर्षी आम्ही बरोबर पोचलो. तिसऱ्या वर्षी ते वाटेतल्या दगडी मोठ्या नंदीपाशी बसले आणि मला खालचं गाव दाखवू लागले. हा राजवाडा, हे रेसकोर्स, तिकडे आपलं मार्केट. मला वाटलं, काय हौस आहे माणसाला. चौथ्या वर्षी गाव दाखवायला ते नंदीच्याही बरेच आधी बसले. तिथून झाडीशिवाय काही दिसत नव्हतं. मग त्यांची चप्पल चावायला लागली. मग फुलवालीशी ओळख निघाली.

पाचव्या वर्षी मी कडेवर दीड वर्षाची मुलगी घेऊन चढत होते आणि तरीही पुढे होते. मागे वळून पाहिलं तर अप्पा पायरीवर बसलेले. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, ओठ फुंकर मारताना असतात तसे. मी खाली उतरून गेले.

“चप्पल चावतेय का?” मी विचारलं. त्यांना निसटायला वाट ठेवावी म्हणून.

“नाही,” ते म्हणाले. श्वास घेतला. “दम संपतोय.” पुन्हा श्वास. “तू हो पुढं.”

पूर्वी हा माणूस एका दमात एका गेटची सगळी हकिगत सांगायचा: मालक कोण, लोखंड कुठलं, रंग कुणी बिघडवला. आता दोन-दोन शब्दांवर थांबत होता. आम्ही त्या वर्षी वर गेलोच नाही. बसूनच नमस्कार केला आणि उतरलो. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं त्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. छातीचा फोटो काढला. दोन्ही फुफ्फुसांत बारीक पांढरे ठिपके, कुणीतरी रवा सांडल्यासारखे. डॉक्टर गंभीर झाले. टीबी असू शकेल, थुंकी तपासू, तोवर घरात जपून राहा, असं म्हणाले. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही; आपल्याकडे असा फोटो पाहिला की पहिल्यांदा तेच मनात येतं.

अप्पांनी मात्र ते मनाला फार लावून घेतलं. आम्ही कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी आपली खाट माडीवर नेली. आपलं ताट आणि पेला वेगळा काढला आणि दोन्हीच्या तळाला दुकानात लोखंडाला लावायच्या रेड ऑक्साइडचा तांबडा ठिपका लावला, चुकून मिसळू नये म्हणून. नातीनं जिन्याखालून हाका मारायच्या आणि त्यांनी वरून उत्तर द्यायचं. सासूबाईंनी एक दिवस हे सहन केलं. दुसऱ्या दिवशी घेवड्याच्या शेंगा घेऊन त्या माडीवर गेल्या आणि खाटेच्या पायथ्याशी बसून निवडू लागल्या.

“अगं, लागेल तुला,” अप्पा म्हणाले.

“एवढी वर्षं लागलं नाही ते आता लागतंय,” त्या म्हणाल्या. “शेंगा सोला.”

थुंकी पुन्हा पुन्हा तपासली. दर वेळी जंतू नाहीत. फोटोतले ठिपके मात्र तिथेच. तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच आम्हाला छातीच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवलं. माझ्याहूनही लहान दिसणारी मुलगी होती ती. तिनं फोटो दिव्यावर लावला, बराच वेळ पाहिला आणि मग वळून अप्पांना कानडीत विचारलं, “यजमान्रे, तुम्ही काम काय करता?”

आतापर्यंत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. विडी ओढता का, दारू पिता का, घरात कुणाला होतं का, हे सगळं विचारून झालं होतं.

“गेट,” अप्पा म्हणाले.

“गेट म्हणजे?”

“गेट करतो. वेल्डिंग.”

तिनं पेन हातात घेतलं. किती वर्षं? रोज किती तास? आत की बाहेर? साधं लोखंड की स्टेनलेस? रंग लावलेलं जुनं लोखंड असतं का? जस्ताचं? खिडकी कुठं आहे? धूर कुठून जातो? त्यांच्या कामाबद्दल एवढी चौकशी आम्ही घरच्यांनीही कधी केली नव्हती. अप्पा खुलले. दम लागत होता तरी सांगत राहिले. तिच्याच कागदावर त्यांनी दुकानाचा नकाशा काढला, मापांसकट. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण तिनं त्यांना मध्ये तोडलं नाही.

मग फुंकायची तपासणी झाली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि पलीकडे एक परिचारिका कबड्डीच्या प्रशिक्षकासारखी ओरडत होती, “फुंका, फुंका, अजून, सोडू नका.” अप्पा तिसऱ्या खेपेला तांबडेलाल झाले आणि नळी काढून तिला म्हणाले, “तू स्वल्प हळू बोल. मी ऐकतोय.” स्वल्प म्हणजे जरासं. ती हसली आणि तिनं पुन्हा फुंकायला लावलं.

छातीचा स्कॅनही झाला आणि चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. फोटोतले ठिपके टीबीचे नव्हते. ते लोखंड होतं. धुरातून आत गेलेले लोखंडाचे बारीक कण छातीत साठले होते आणि लोखंडच असल्यामुळे फोटोत एवढे ठळक दिसत होते. गंमत अशी की त्या ठिपक्यांचा त्रास फारसा नसतो. धूर थांबला तर वर्षानुवर्षांनी ते कमीही होतात. खरं दुखणं फोटोत न दिसणारं होतं. धुरात नुसतं लोखंड नसतं. वेल्डिंगच्या रॉडवरचा लेप जळतो, जस्त जळतं, जुना रंग जळतो, विषारी वायू तयार होतात. त्या सगळ्यानं अप्पांच्या श्वासनळ्या वर्षानुवर्षं सुजत राहिल्या, जाड झाल्या, अरुंद झाल्या. हवा आत जात होती, पण बाहेर पडायला तिला वेळ लागत होता.

“म्हणजे आतसुद्धा फॅब्रिकेशनच चाललंय,” अप्पा म्हणाले.

“तसंच काहीसं.”

“चुंबकानं निघणार नाही?”

“नाही निघणार.” ती हसली, मग गंभीर झाली. “गेलेला दम परत येणार नाही, यजमान्रे. राहिलेला आपण राखू शकतो. औषध ओढायचं, न्यूमोनियाची लस घ्यायची, कारण हे काम करणाऱ्यांना तो लवकर गाठतो. आणि धूर बंद.”

रिक्षात अप्पा बाहेर बघत बसले होते. मध्येच म्हणाले, “आयुष्यात विडीला हात लावला नाही मी.” मग श्वास घेऊन, “धूर मात्र रोज प्यालो.” घरी गेल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते ताट-पेल्यावरचे तांबडे ठिपके घासून काढायचं. खाट खाली आली. नात त्यांच्या पोटावर चढून बसली.

पण दुकान बंद करायला ते तयार नव्हते. औषध ओढत होते, लस घेतली होती, आणि सकाळी नऊला शटर उघडत होते. नवरा रागावला, सासूबाई रुसल्या. मी एका शनिवारी काही न बोलता दुकानात गेले आणि स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत तिथं मी डबा द्यायला सोडून कधी थांबले नव्हते. अप्पा वाकून एका खिडकीचे गज जोडत होते. डोळ्यांसमोर काळी काच, नाकावर गुंडाळलेला पंचा. मी ठिणगी हाताआड करून धूर कुठे जातो ते शटरमधून आलेल्या उन्हात पाहिलं. निळसर धूर सरळ वर येत होता, वाकलेल्या अप्पांच्या काचेखाली शिरत होता आणि तिथंच घुटमळत होता. ती काच प्रकाश अडवत होती. धुराला तिचं काहीच नव्हतं, आणि पंच्याचंही.

तासाभरानं माझा घसा खवखवायला लागला. मी रुमालात नाक शिंकरलं आणि रुमाल त्यांच्यासमोर धरला. काळा.

“एका तासाचं आहे हे,” मी म्हटलं. “मी नुसती बसले होते.”

अप्पांनी रुमालाकडे पाहिलं. होल्डर खाली ठेवला. मशिन बंद केलं. “तू घरी जा,” ते म्हणाले. “मला विचार करू दे.”

विचाराचं फळ पुढच्या आठवड्यात दिसलं. त्यांनी पत्र्याचा एक मोठा नरसाळ्यासारखा हुड केला, कामाच्या टेबलावर छताला टांगला आणि त्याला जुना एक्झॉस्ट फॅन जोडला. स्वयंपाकघरातल्या चिमणीसारखा. जोड असे सुरेख की बोट फिरवावं. आम्हाला सगळ्यांना बोलावून दाखवला. मी तपासणीचं काम करणारी बाई. मला चालू वस्तू बिघडवून बघायची सवय. मी देवाची उदबत्ती मागून घेतली, पेटवून टेबलावर उभी केली आणि अप्पांना नेहमीसारखं वाकायला सांगितलं. धूर उठला, छानपैकी त्यांच्या नाकावरून गेला आणि मग हुडात शिरला.

उदबत्ती जळत राहिली.

“हा आधी मला पाजतो आणि मग वर जातो,” अप्पा शेवटी म्हणाले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांचा फोन आला. संध्याकाळी येताना उदबत्ती घेऊन ये. नवा हुड छताला नव्हता, टेबलाच्या कडेला होता. बसका, रुंद तोंडाचा, आणि लवचीक नळीमुळे कामाच्या जागेजवळ ओढता येणारा. मागची भिंत फोडून पंख्याचं तोंड बाहेरच्या मोकळ्या जागेत, वर, उंच काढलं होतं. उदबत्तीचा धूर उठायच्या आत आडवा झाला आणि हुडात गेला. अप्पा वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. नाकापर्यंत काही आलं नाही.

“आइतु,” ते म्हणाले. झालं.

डॉक्टरीणबाईंना नकाशा दाखवला तेव्हा त्या खूश झाल्या, पण तेवढ्यावर सोडायला तयार नव्हत्या. काम अगदी थोडं करायचं, जस्ताच्या पाइपला हात लावायचा नाही, आणि फिल्टरचा मास्क वापरायचा. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, म्हणजे दाढी काढायला हवी. हा खरा घाव होता. अप्पांची दाढी आमच्या लग्नाच्या फोटोत आहे, नवऱ्याच्या मुंजीच्या फोटोतही आहे. एका सकाळी ते सलूनमध्ये गेले आणि गुळगुळीत होऊन परतले. नात त्यांच्याकडे बघून किंचाळली आणि सासूबाईंच्या मागे लपली. दोन दिवस ती या माणसाकडे जाईना. सासूबाईंनीही त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, “हनुवटी अशी आहे होय.”

हळूहळू अप्पांनी वेल्डिंग जवळजवळ सोडलं. मोजमाप घेणं, आराखडा काढणं, दुसऱ्याकडून करून घेणं, एवढंच. पण बोळातल्या बाकीच्या वेल्डिंगवाल्यांनी तो हुड पाहिला होता. एकानं स्वतःसाठी करून मागितला, मग दुसऱ्यानं. अप्पा पत्रा कापून, रिव्हेट मारून हुड करायला लागले. त्यात धूर नव्हता. बसवून झाला की उदबत्ती लावून दाखवायची, मग त्या माणसाला विचारायचं, “सकाळी खोकला येतो?” बहुतेकांना येत असे. त्यातल्या तिघांना त्यांनी स्वतः डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि दारातच सांगितलं, “विडी नाही. गेट.”

सगळं इतकं सुरळीत नव्हतं. मागच्या हिवाळ्यात साध्या सर्दीचा न्यूमोनिया झाला आणि अप्पा सहा दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. तिसऱ्या दिवशी मी पाणी पाजत होते तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांना भीती वाटत होती, आणि मलाही. लस घेतलेली होती म्हणून निभावलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरी आले तेव्हा चार किलो कमी झाले होते आणि अंघोळ करतानाही दम लागत होता. ते भरून यायला तीन महिने गेले. उन्हाळ्यात पुन्हा फुंकायची तपासणी झाली. आकडा मागच्या वर्षीएवढाच होता. “वाढला नाही?” अप्पांनी विचारलं. “घसरला नाही,” त्या म्हणाल्या, “आपल्याला एवढंच हवं होतं.” त्या दिवशी त्यांनी घरी चिरोटी आणली.

या वर्षी गावातल्या एका आयटीआयच्या मास्तरांनी त्यांना वेल्डिंग शिकणाऱ्या मुलामुलींसमोर बोलायला बोलावलं. मास्तरांच्या भावाच्या दुकानात अप्पांचा हुड आहे. अप्पांनी आठवडाभर तयारी केली. मी सुट्टी काढून त्यांना माझ्या स्कूटरवर नेलं. ते उभे राहिले आणि कानडीत बोलू लागले. “मी गेटं केली.” थांबले, श्वास घेतला. “हजारो गेटं केली.” पुन्हा थांबले. “एकाही गेटानं मला विचारलं नाही.” पुन्हा थांबले. “की तू श्वास कुठून घेतोस.” मुलं कान टवकारून बसली. त्यांना वाटलं, हे फार मोठे वक्ते आहेत, वाक्य मुद्दाम तोडतायत. मला ठाऊक होतं की ती मोडती वाक्यं छाती ठरवत होती. पण चाळीस मिनिटं कुणी हललं नाही. शेवटी एका मुलीनं विचारलं, “सर, तुम्हाला या कामाचा राग येतो का?” अप्पांनी विचार केला आणि म्हणाले, “कामाचा नाही. शटर खाली ओढायचो, त्याचा येतो.”

मग त्यांना शाल, नारळ आणि डोक्यावर जरीकाठाचा म्हैसुरी पेटा. पेटा त्यांना इतका शोभला की फोटोसाठी रांग लागली. बाहेर आल्यावर मी हेल्मेट पुढे केलं तर म्हणाले, “स्वल्प थांब. घरी हिला दाखवतो आधी.” मागच्या सीटवर पेटा घातलेले सासरे आणि मांडीत नारळ, असे आम्ही निघालो. दुसऱ्याच सिग्नलला पोलिसानं शिट्टी मारली.

“मागच्यांचं हेल्मेट कुठाय?”

“सत्कार झालाय,” अप्पा म्हणाले. श्वास घेतला. पोलीस वाट बघत राहिला. “आयटीआयमध्ये.” पुन्हा श्वास. “मी भाषण केलं.”

“कशावर?”

“सुरक्षेवर.”

पोलिसानं माझ्याकडे पाहिलं, मी सिग्नलकडे पाहिलं. शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं अप्पांच्या डोक्यावरचा पेटा अलगद उचलला, चुणी न मोडता माझ्या हातात दिला आणि हुकाला लटकलेलं हेल्मेट त्यांना घातलं. पट्टा लावून दिला. आम्ही डाव्या बाजूनं, हळू, घरी निघालो, आणि मागून अप्पा मला सांगत होते की त्या चौकातल्या पोलीस चौकीचं गेट त्यांचं नाही, पण बिजागरी बरी आहे.